युरोप की पॅसिफिक? निर्देशांक फंड निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न: रारितनकाठी

नमस्कार. मी न्यू जर्सीमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. माझ्या ४०१के या नोकरीतील निवृत्ती खात्यातील सगळी रक्कम मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या एस अँड पी ५०० निर्देशांक फंडात आहे. अमेरिकेबाहेरचा म्हणून कंपनीने जो एकमेव फंड उपलब्ध करून दिला आहे, त्याचा वार्षिक खर्च मला पटत नाही. त्यामुळे पगारातून उरणारी रक्कम वेगळ्या ब्रोकरेज खात्यातून अमेरिकेबाहेरच्या बाजारांत गुंतवावी असे ठरवले आहे. त्यासाठी व्हॅनगार्ड या फंड कंपनीचे दोन प्रादेशिक ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात समभागासारखे विकत घेता येणारे फंड, निवडून ठेवले आहेत. एक युरोपचा, व्हीजीके, आणि दुसरा आशिया-पॅसिफिकमधील विकसित देशांचा, व्हीपीएल.

माझ्या परीने मी तुलना केली आहे. हे ईटीएफ ज्यांचा भाग आहेत ते दोन्ही मूळ फंड जून १९९० मध्ये एकाच दिवशी सुरू झाले, दोन्हींचा वार्षिक खर्च ०.१० टक्क्याच्या आत आहे, दोन्ही दर तिमाहीला लाभांश देतात आणि व्हीजीकेमध्ये हजारावर तर व्हीपीएलमध्ये दोन हजारांवर कंपन्या आहेत. म्हणजे खर्च आणि विस्तार या दोन निकषांवर डावे-उजवे करता येत नाही. उरला परतावा, पण तिथे पाच वर्षांचा तक्ता पाहिला की एक पुढे दिसतो, पंधरा वर्षांचा पाहिला की दुसरा, आणि सुरुवातीचा महिना बदलला की निकालही बदलतो. अशा वेळी निवड कोणत्या कसोटीवर करावी? करांच्या दृष्टीने दोहोंत काही फरक पडतो का? आठ-दहा वर्षांनी पुण्याला परत जाण्याचा विचार आहे, त्याचाही या निवडीशी काही संबंध येतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: हिशेबवही

परताव्याचा तक्ता बाजूला ठेवलात हे योग्य केलेत, मात्र तो बाजूला ठेवण्याचे तुम्ही दिलेले कारण अपुरे आहे. कालावधी बदलला की क्रम बदलतो हे खरे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वीस-पंचवीस वर्षांच्या आलेखात ज्या फंडाची रेषा तुम्हाला दिसते, तो फंड आज त्याच स्वरूपात अस्तित्वात नाही. नाव तेच राहिले, पण आतला निर्देशांक बदलला. एमएससीआय आणि एफटीएसई या निर्देशांक तयार करणाऱ्या दोन कंपन्या. २०१३ पर्यंत हे दोन्ही फंड एमएससीआयच्या निर्देशांकांचा मागोवा घेत. व्हॅनगार्डने ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर करून पुढच्या वर्षी ते एफटीएसईच्या निर्देशांकांवर नेले आणि २०१५ मध्ये त्यांत लहान कंपन्यांचीही भर घालण्याचे ठरवले. आज दोन्हींच्या निर्देशांकांच्या नावात 'ऑल कॅप' हे शब्द दिसतात ते त्यामुळे.

युरोपच्या बाबतीत या बदलाने फारसे बिघडले नाही. पॅसिफिकच्या बाबतीत मात्र एक अख्खा देश आत आला. एमएससीआय दक्षिण कोरियाला आजही उदयोन्मुख बाजार मानते; एफटीएसईने २००९ पासून त्याला विकसित देशांच्या पंगतीला बसवले आहे. त्यामुळे निर्देशांक बदलला त्या वर्षी व्हीपीएलमध्ये सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्स आली, ह्युंदाई आली, एसके हायनिक्स आली, आणि त्याच वेळी व्हॅनगार्डच्या उदयोन्मुख बाजारांच्या फंडातून, म्हणजे व्हीडब्ल्यूओमधून, त्या टप्प्याटप्प्याने बाहेर काढल्या गेल्या. तेव्हा २००५ पासूनचा व्हीपीएलचा परतावा पाहताना पहिली आठ वर्षे कोरियाविना आणि नंतरची कोरियासह आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

याचा व्यवहारातला परिणाम असा की कोणता फंड कोणाच्या शेजारी ठेवायचा हे आधी पाहावे लागते. समजा, उद्या तुम्ही उदयोन्मुख बाजारांचा एखादा फंड घेतलात आणि तो एमएससीआयचा निर्देशांक पाळणारा, उदाहरणार्थ आयशेअर्स या दुसऱ्या ईटीएफ मालिकेतला, असला, तर व्हीपीएलसोबत त्यात कोरिया दोनदा येईल. उलट आयशेअर्सचा पॅसिफिक फंड आणि व्हॅनगार्डचा व्हीडब्ल्यूओ अशी जोडी जमवलीत, तर कोरिया दोन्हींतून निसटेल आणि तुमच्याकडे सॅमसंगचा एकही समभाग नसेल. पोलंडचेही तसेच आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून एफटीएसईच्या लेखी तो विकसित आहे, एमएससीआयच्या लेखी अजून उदयोन्मुख. पण त्याचा भार इतका किरकोळ आहे की त्यावर झोप उडवून घेण्याचे कारण नाही. कोरियाचे तसे नाही.

आता आतली वाटणी. व्हीपीएलमध्ये निम्म्याहून थोडा अधिक वाटा एकट्या जपानचा आहे. त्यामागे ऑस्ट्रेलिया आणि कोरिया, मग हाँगकाँग आणि सिंगापूर, आणि शेवटी नावापुरते न्यूझीलंड. भारत, चीन आणि तैवान यांचा त्यात समावेश नाही. 'आशिया' हा शब्द वाचून अनेकांची इथे फसगत होते, कारण आशियाची वाढ म्हणून ते ज्या देशांचा विचार करतात नेमके तेच देश या फंडात नाहीत. व्हीजीकेमध्ये सर्वांत मोठा वाटा ब्रिटनचा असला तरी तो पावहिश्श्याहून कमी आहे, आणि फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स असे अनेक मोठे भागीदार त्याच्या जोडीला आहेत. म्हणून देशांच्या विभागणीत युरोपचा फंड अधिक पसरलेला आहे आणि पॅसिफिकचा फंड घेणे म्हणजे मुख्यतः जपान घेणे आहे. जपानबद्दल तुमचे स्वतःचे काही मत नसेल, तर व्हीपीएल घेण्याआधी ते तयार करा.

एक गोष्ट जाता जाता. प्रदेशांच्या सीमा आपल्याला वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. बीएचपी ही खाणकंपनी लंडन आणि सिडनी अशा दुहेरी नोंदणीची होती. जानेवारी २०२२ च्या अखेरीस तिने दोन्ही शाखा एकत्र करून मुख्य नोंदणी सिडनीला नेली आणि जो हिस्सा युरोपच्या निर्देशांकात मोजला जात होता, तो रातोरात पॅसिफिकचा झाला. औद्योगिक वायू बनवणारी लिंडे २०२३ मध्ये फ्रँकफर्टच्या बाजारातून बाहेर पडली. त्याच वर्षी आयर्लंडच्या सीआरएच या बांधकाम-साहित्याच्या कंपनीने मुख्य नोंदणी न्यूयॉर्कला हलवली. युरोपातील मोठ्या कंपन्या अशा एकेक करून अमेरिकेच्या बाजारात जाऊ लागल्या, तर व्हीजीकेच्या धारकाला त्याची दखल घ्यावी लागेल. माझ्या मते आज ही काळजीची बाब नाही, पण वार्षिक अहवाल वाचताना मी ती आवर्जून पाहतो.

उत्तर: मुळामुठा

निवड करायचीच कशाला? व्हॅनगार्डचाच व्हीईए घ्यावा. त्यात विकसित युरोप आहे, विकसित पॅसिफिक आहे, शिवाय कॅनडाही आहे, आणि तिघांचे प्रमाण बाजार स्वतः ठरवतो. उदयोन्मुख देशही हवे असतील, तर व्हीएक्सयूएस आहे. दोन प्रदेशांपैकी एक निवडणे म्हणजे त्या प्रदेशाबद्दल बाजारापेक्षा आपल्याला अधिक कळते असे म्हणणे होय, आणि मूळ प्रश्नात तरी तसा दावा दिसत नाही.

रारितनकाठी

हिशेबवहींचे मनापासून आभार. भारत आणि तैवान व्हीपीएलमध्ये नाहीत हे मला ठाऊक नव्हते. मुळामुठा यांचा मुद्दाही मान्य आहे. पण व्हीईएमध्ये युरोप आणि पॅसिफिकचे प्रमाण बाजारमूल्यानुसार ठरते, आणि मला ते स्वतः ठरवण्याची मुभा हवी आहे. त्याचे एक कारण चलन हे आहे. माझा पगार डॉलरमध्ये, पुढचा खर्च बहुधा रुपयांत. मग येन आणि युरो यांपैकी कोणाची जोखीम घ्यावी, असा प्रश्न आहे.

उत्तर: पूर्वेकडून

मी गेली अनेक वर्षे टोकियोत निशी-कासाई भागात राहतो, त्यामुळे येनबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो. चलनाचा परिणाम किती मोठा असू शकतो हे एका हिशेबाने दिसेल. २०२० च्या अखेरीस टोकियो बाजाराचा निक्केई २२५ निर्देशांक २७,४४४ वर होता आणि २०२४ च्या अखेरीस ३९,८९४ वर. येनमध्ये पाहिले, तर चार वर्षांत सुमारे ४५ टक्के वाढ. याच काळात एका डॉलरला मिळणारे येन सुमारे १०३ वरून सुमारे १५७ वर गेले. आता पहिल्या आकड्याला १०३ ने आणि दुसऱ्याला १५७ ने भागून पाहा. डॉलरमध्ये निर्देशांक २६६ वरून २५४ च्या आसपास येतो, म्हणजे लाभांश न धरता चार-पाच टक्के घट. इथे माझे शेजारी नव्या उच्चांकाचा आनंद साजरा करत होते आणि अमेरिकेतला गुंतवणूकदार जिथल्या तिथे होता. निक्केई हा व्हीपीएलचा निर्देशांक नव्हे आणि तो समभागाच्या किमतीवरून भार ठरवतो, हे मला मान्य आहे; तरीही चलनाने काय होते, याची कल्पना येण्यास एवढे पुरेसे आहे.

हे केवळ येनचेच आहे असे मात्र नाही. जुलै २००८ मध्ये एक युरो घ्यायला जवळपास १.६० डॉलर पडत. सप्टेंबर २०२२ मध्ये तोच युरो ०.९६ डॉलरपर्यंत उतरला होता. त्या चौदा वर्षांत व्हीजीकेचा आलेख निस्तेज दिसतो, त्यातला मोठा भाग युरोपीय कंपन्यांच्या कामगिरीचा नसून चलनाचा आहे. दोन्ही फंड चलनाच्या चढ-उतारापासून कोणतेही संरक्षण घेत नाहीत, आणि तुमचा पुढचा खर्च रुपयांत असेल, तर डॉलरखेरीज दुसरी चलने हाती असणे हे संकट मानण्याचे कारण नाही.

येन आणि युरो यांच्या स्वभावात एक फरक मला जाणवतो. जपानच्या निर्देशांकात निर्यातदार कंपन्यांचे वजन मोठे असल्याने येन महागला की समभाग पडतात आणि येन उतरला की चढतात, असा पुष्कळदा अनुभव येतो. ५ ऑगस्ट २०२४ रोजी निक्केई एका दिवसात १२.४ टक्के कोसळला. त्याआधीच्या महिन्याभरात एका डॉलरला १६१ येन मिळत होते ते १४५ च्याही खाली आले होते. म्हणजे येनमध्ये मोजणाऱ्याला जे दिसले, त्यापेक्षा डॉलरमध्ये मोजणाऱ्याची त्या महिन्यातील घसरण कमी होती. दुसऱ्याच दिवशी निर्देशांक १० टक्क्यांनी वर आला, हे वेगळे. तेव्हा चलन-संरक्षण न घेतलेला जपानचा फंड धरणाऱ्याला या उलट्या नात्यामुळे आपोआप थोडे कवच मिळते. ते नेहमीच मिळेल याची हमी अर्थातच नाही.

जपानबद्दल मत तयार करा असे हिशेबवही म्हणाले आहेत, म्हणून माझे मत सांगतो. २९ डिसेंबर १९८९ रोजी निक्केई ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. तुमचा व्हीपीएल ज्या मूळ फंडाचा भाग आहे, तो या शिखरानंतर सहा महिन्यांच्या आत सुरू झाला आहे. त्यामुळे 'सुरुवातीपासूनचा परतावा' या रकान्यात पॅसिफिक दुबळा दिसणारच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एमएससीआयच्या ईएएफई या, अमेरिका-कॅनडाबाहेरच्या विकसित बाजारांच्या, निर्देशांकात निम्म्याहून जास्त भार एकट्या जपानचा होता. प्रमाण बाजाराने ठरवावे, हे मुळामुठा यांचे म्हणणे तत्त्वतः योग्य असले, तरी बाजार असे प्रमाण कधी ठरवतो याचे हे उदाहरण आहे.

पण आजचा जपान तेव्हाचा नाही. मार्च २०२३ मध्ये टोकियो शेअर बाजाराने आपल्या प्राइम आणि स्टँडर्ड विभागांतील कंपन्यांना भांडवलाचा खर्च आणि समभागाची किंमत यांचा विचार करून कृती-आराखडा जाहीर करण्यास सांगितले, कारण प्राइम विभागातल्या जवळपास निम्म्या कंपन्यांचे बाजारमूल्य त्यांच्या पुस्तकी मूल्याहूनही कमी होते. जानेवारी २०२४ पासून कोणत्या कंपन्यांनी असा आराखडा दिला याची यादीच बाजार दरमहा प्रसिद्ध करतो, आणि चारचौघांत नाव न येणे हा इथल्या संचालकांना दंडापेक्षा मोठा धाक आहे. एकमेकांचे समभाग वर्षानुवर्षे धरून ठेवण्याची जुनी पद्धत हळूहळू मोडते आहे, कंपन्या स्वतःचे समभाग परत विकत घेऊ लागल्या आहेत, आणि मार्च २०२४ मध्ये बँक ऑफ जपानने उणे व्याजदर संपवले. मी स्वतः या बदलांवर विश्वास ठेवतो. गंमत अशी की, जानेवारी २०२४ पासून करमुक्त निसा खात्यांची मर्यादा वाढल्यावर इथल्या सामान्य माणसांनी त्या पैशाने सर्वाधिक पसंती दिली ती जागतिक निर्देशांक फंडांना आणि एस अँड पी ५०० ला. घरची कोंबडी इथेही डाळीसमानच.

उत्तर: मुळामुठा

१९८९ चे उदाहरण चांगले दिलेत, परंतु ते शहाणपण सर्वांना नंतर सुचले. त्या वर्षी जपान महाग आहे असे म्हणणारे होते, तसेच १९८६ मध्येही होते, आणि १९८६ मध्ये बाहेर पडलेल्यांनी पुढच्या तीन वर्षांची वाढ घालवली. असो. मूळ प्रश्नकर्त्याला प्रमाण स्वतःच ठरवायचे असेल, तर ते एकदा ठरवून लिहून ठेवावे आणि दरवर्षी ठराविक महिन्यात तेवढ्यापुरतेच समायोजन करावे. त्यापलीकडे मला काही म्हणायचे नाही.

उत्तर: जमाखर्च

करांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेतील करपत्रके भरण्याचा माझा अनुभव आहे, तरी अंतिम निर्णयाआधी स्वतःच्या कर-सल्लागाराशी बोलावे.

पहिला मुद्दा परदेशात कापल्या जाणाऱ्या कराचा. ईटीएफला मिळणाऱ्या लाभांशातून त्या त्या देशाचे सरकार आपला वाटा आधीच कापून घेते. ब्रिटन सामान्य कंपन्यांच्या लाभांशावर असा कर कापत नाही. हाँगकाँग आणि सिंगापूरही कापत नाहीत. अमेरिकेशी असलेल्या करारानुसार जपानचा दर १० टक्के आहे, आणि स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स यांचा १५ टक्के. स्वित्झर्लंड प्रत्यक्षात ३५ टक्के कापते आणि वरची रक्कम फंडाला मागून परत मिळवावी लागते. ऑस्ट्रेलियात ज्या नफ्यावर कंपनीने तिथला कर आधीच भरला आहे, त्यातून दिलेल्या लाभांशावर परदेशी धारकाला कर कापला जात नाही. या सर्वांची गोळाबेरीज वर्षअखेरीस ब्रोकरकडून येणाऱ्या १०९९-डीआयव्ही पत्रकाच्या सातव्या रकान्यात दिसते, आणि ती रक्कम तुम्हाला अमेरिकी करातून वजावट म्हणून घेता येते. एकट्याने पत्रक भरणाऱ्यास ३०० डॉलरपर्यंत आणि पती-पत्नी एकत्र भरत असल्यास ६०० डॉलरपर्यंत ही वजावट फॉर्म १११६ न भरता मिळते. त्यापुढे फॉर्म भरावा लागतो.

यावरून एक गोष्ट ठरते. हे दोन्ही फंड ब्रोकरेज खात्यात ठेवणे हे आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात ठेवण्यापेक्षा या एका बाबतीत बरे, कारण आयआरएमध्येही परदेशी सरकारे कर कापतातच, पण त्याची वजावट तुम्हाला मिळत नाही. तुम्ही ब्रोकरेज खातेच म्हटले आहे, तेव्हा ते ठीक आहे.

दुसरा मुद्दा बारीक आहे, पण दोन फंडांतला फरक खरा तिथे दिसतो. अमेरिकेत 'क्वालिफाइड' लाभांशाला कमी दराने कर लागतो, आणि परदेशी कंपनीचा लाभांश त्या वर्गात यायचा असेल, तर सर्वसाधारणपणे तिच्या देशाशी अमेरिकेचा सर्वंकष आयकर करार असावा लागतो. हाँगकाँग आणि सिंगापूर यांच्याशी असा करार नाही. म्हणून व्हीपीएलच्या लाभांशातील सवलतीच्या दराला पात्र ठरणारा हिस्सा बहुधा व्हीजीकेपेक्षा कमी राहतो. १०९९-डीआयव्हीमधील १ए आणि १बी या दोन रकान्यांचे गुणोत्तर पाहिले की हे कळते, आणि व्हॅनगार्ड दरवर्षी फंडागणिक हे प्रमाण प्रसिद्धही करते. तुम्ही वरच्या कर-टप्प्यात असाल, तर दोन्ही फंडांच्या नाममात्र खर्चातील फरकापेक्षा हा फरक जास्त ठरू शकतो. खर्चाच्या शेवटच्या दशांशाची चर्चा करणारे लोक हा हिशेब मात्र सहसा करत नाहीत.

तिसरा मुद्दा पुण्याला परतण्याचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात युरोप की पॅसिफिक हा प्रश्नच राहत नाही. दोन्ही ईटीएफ अमेरिकेत नोंदलेले आहेत. त्यांच्या पोटात टोयोटा असो वा नेस्ले, कायद्याच्या दृष्टीने ती अमेरिकेतील मालमत्ता आहे. तुम्ही कायमचे भारतात परतलात, ग्रीन कार्ड अथवा नागरिकत्व नसले आणि त्यानंतर तुमचे निधन झाले, तर अमेरिकेतील मालमत्तेपैकी फक्त पहिल्या ६०,००० डॉलरना वारसाकराची सूट मिळते. त्यावर दर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारताचा अमेरिकेशी वारसाकराबाबत करार नाही, त्यामुळे तिकडून दिलासा नाही. अनेकजण परतल्यावर अमेरिकी ईटीएफ विकून आयर्लंडमध्ये नोंदलेले तशाच निर्देशांकांचे फंड घेतात ते याच कारणाने. पण ते आत्ताच घेऊन ठेवावेत असा विचार मनात आला, तर तो सोडून द्या. अमेरिकेचे कर-निवासी असेपर्यंत आयर्लंडचा काय किंवा भारतातील म्युच्युअल फंड काय, दोन्ही पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, या वर्गात मोडतात, प्रत्येकासाठी फॉर्म ८६२१ भरावा लागतो आणि कराची आकारणीही जाचक असते.

परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे भारतीय कायद्यानुसार तुमचा दर्जा बहुधा 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा राहील. तेव्हा परदेशातील भांडवली नफ्यावर भारतात सहसा कर लागत नाही. फंड बदलायचे असतील, तर तो काळ सोयीचा. त्यानंतर चोवीस महिन्यांहून अधिक काळ धरलेल्या अशा युनिटवरील नफ्यावर सध्या १२.५ टक्के अधिक अधिभार, लाभांशावर तुमच्या उत्पन्न-टप्प्याप्रमाणे कर, अमेरिकेत लाभांशातून करारानुसार कापले जाणारे २५ टक्के आणि विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या शेड्युल एफएमध्ये सगळ्याची नोंद, असे सगळे मागे लागते.

रारितनकाठी

जमाखर्च यांनी उजेडात आणलेला वारसाकराचा मुद्दा मला पूर्णपणे नवीन होता. तो वाचल्यावर घरी बोलणे झाले, आणि परतण्याचे पक्के झाले की त्या वर्षाच्या आत हे फंड मोकळे करायचे असे ठरले आहे.

निवडीबद्दल आता माझे मत असे झाले आहे. दोन्ही फंड घ्यायचे, पण व्हीईएमध्ये साधारणतः असतो त्यापेक्षा पॅसिफिकचा वाटा थोडा अधिक ठेवायचा, कारण जपानमधील बदलांबद्दल पूर्वेकडून यांनी लिहिले ते पटले आणि हिशेबवहींच्या म्हणण्याप्रमाणे मत न बनवता व्हीपीएल घ्यायचा नव्हता. प्रमाण साठ-चाळीस, युरोप साठ. उदयोन्मुख बाजारांसाठी नंतर व्हीडब्ल्यूओच घेईन, म्हणजे कोरिया दोनदा येणार नाही आणि सुटणारही नाही. शेवटचा एक किरकोळ प्रश्न: खरेदी दिवसाच्या कोणत्या वेळी करावी, याने काही फरक पडतो का?

उत्तर: हिशेबवही

दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत नगण्य, पण विचारलेच आहे म्हणून सांगतो. लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट हे बाजार न्यूयॉर्कच्या वेळेनुसार साधारणतः सकाळी साडेअकराला बंद होतात. त्यामुळे साडेनऊ ते साडेअकरा या दोन तासांत व्हीजीकेच्या पोटातील समभागांचे खरेच व्यवहार चालू असतात आणि त्याची किंमत वस्तुस्थितीला अधिक धरून असते. व्हीपीएलच्या बाबतीत अशी वेळच नाही. न्यूयॉर्क उघडते तेव्हा टोकियो, सोल आणि सिडनी झोपलेले असतात, आणि दिवसभर जी किंमत दिसते ती उद्या तिथे काय होईल याचा न्यूयॉर्कने बांधलेला अंदाज असते. जगात काही खळबळ उडालेली असेल, त्या दिवशी व्हीपीएलची बाजारातील किंमत आणि आदल्या दिवसाचे जाहीर निव्वळ मालमत्ता मूल्य यांत ठळक तफावत दिसते. ती पाहून 'फंड स्वस्तात मिळतो आहे' असा समज करून घेऊ नये. ते मूल्यच तोवर शिळे झालेले असते. याच कारणाने एखाद्या वर्षी फंडाचा परतावा आणि निर्देशांकाचा परतावा यांत अर्धा-पाऊण टक्का फरक दिसू शकतो. व्यवस्थापनाला दोष देण्याआधी तीन-चार वर्षांची सरासरी काढून पाहावी.

दोन्हींसाठी मर्यादा-किंमत, म्हणजे याहून महाग घेऊ नये अशी किंमत, घालून आदेश द्यावा आणि बाजार उघडल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. लाभांशाच्या हक्क-तारखेच्या (तिच्या आधी घेतलेल्यांनाच तो लाभांश मिळतो) आदल्या आठवड्यात मोठी रक्कम गुंतवणार असाल, तर तेवढे चार दिवस थांबावे, कारण करपात्र खात्यात नुकत्याच भरलेल्या पैशाचाच काही भाग लाभांश म्हणून परत येतो आणि त्यावर कर भरावा लागतो. शिवाय समभाग ठराविक दिवस धरलेले नसतील, तर तो लाभांश जमाखर्च यांनी सांगितलेल्या सवलतीच्या दरालाही मुकतो. त्या तारखा फंडाच्या पानावर आधीच जाहीर होतात. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या उत्तरार्धात पाहाव्यात.